ऑप्शन संपलेला कॅचर

अक्षत म्हणजे ज्याला इजा झालेली नाही असा. आमच्या अक्षतच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडून वाकडी बसली आहेत, डावा गुडघा एकदा उघडून परत शिवलेला आहे, आणि गळ्याशी चेंडू लागल्याची एक खूण आहे, ती थंडीत जांभळी दिसते. नाव मी ठेवलं होतं. तो कॅचर होणार आहे अशी त्या वेळी कोणी कल्पना दिली नव्हती.

कॅचर म्हणजे बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या मागे उकिडवा बसणारा माणूस. आपल्या विकेटकीपरसारखाच, फक्त त्याला जाळीचा मुखवटा आणि छातीला गादी असते, आणि चेंडू सुटला तर मागे कोणी नसतं. नागपूरला माझ्या आईला हे फोनवर समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे दिवसभर उकिडवा बसतो? आणि त्याचे पगार देतात?" देतात, पण बरीच वर्षं फार नाही देत.

तो यात पडला तो बसता येतं म्हणून. इथे अमेरिकेत, ॲन आर्बरला शाळेत असताना मुलांच्या संघाच्या कोचनं विचारलं, कोणाला खूप वेळ असं बसता येतं? बाकीची मुलं थोड्या वेळानं मागे कलंडली. अक्षत नागपूरला आजीकडच्या सुट्ट्यांमध्ये अंगणात गोट्या खेळून आलेला. तो बसला तो बसलाच. त्याला अजून कोणी ऊठ म्हटलेलं नाही.

आता तो अठ्ठावीस वर्षांचा आहे. आडनाव वैशंपायन, ते त्याच्या शर्टावर एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत येतं. निवेदक सुरुवात जोरात करतात आणि मध्येच सोडून देतात. मराठी बोलतो, पण त्याचं स्पॅनिश अधिक चांगलं आहे, कारण चेंडू टाकणारे निम्मे लोक स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतले असतात आणि त्यांचा धीर सुटला की मैदानाच्या मधोमध जाऊन त्यांना समजवायचं काम कॅचरचं. मी एकदा विचारलं, काय सांगतोस रे त्यांना? तर म्हणाला, "काही नाही. जेवायला कुठे जायचं ते." त्यानं माणूस शांत होतो म्हणे.

मोठ्या संघाच्या हाताखाली लहान गावांमधले लहान संघ असतात. अक्षतची बहुतेक वर्षं तिथे गेली, बसच्या प्रवासात. मोठ्या संघानं त्याला अधूनमधून वर बोलावलं आणि परत खाली पाठवलं. संघाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की काहीतरी होतं.

लोकांना वाटतं, खेळाडूंच्या घरी उन्हाळ्यात गडबड असते. उन्हाळ्यात काहीच नसतं, तो खेळतो आणि आपण बघतो. खरी गडबड हिवाळ्यात, जेव्हा कोणीच खेळत नाही. तेव्हा संघ नवीन माणसं घेतात. वर्तमानपत्रात फोटो येतो, कोणीतरी हसत टोपी घालतोय. दुसऱ्याच्या घरी आनंद असतो. आपल्या घरी आपण बघायचं, टोपीवाला काय करतो? कॅचर नाही ना? नसला तर आपणही आनंद करायचा.

माझा नवरा राजीव मोटारींच्या कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. नोव्हेंबरपासून तो दर सकाळी चहाबरोबर भाकितं वाचतो. ही भाकितं करणारे लोक वेगळेच असतात. आपापल्या घरी बसून ते लिहितात की मार्चअखेर संघातल्या सव्वीस जागांवर कोण कोण असेल. अक्षतला त्यांनी कधी पाहिलेलं नसतं, पण त्याच्या गुडघ्याविषयी त्यांचं ठाम मत असतं. कॅचर दोनच ठेवतात. पहिला ठरलेला, तरुण आणि देखणा. दुसऱ्या जागेपुढे सगळीकडे वैशंपायन लिहिलेलं होतं.

डिसेंबरात संघानं एक छत्तीस वर्षांचा अनुभवी कॅचर घेतला. फोटोत तो हसत नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. दुसऱ्या दिवशी राजीवनं चहा खाली ठेवला आणि वाचून दाखवलं, "वैशंपायन इज आउट ऑफ ऑप्शन्स."

आमच्या पिढीला ऑप्शन हा शब्द नीट माहीत आहे. बारावीला राजीवनं ऑर्गॅनिक केमिस्ट्री ऑप्शनला टाकली होती, म्हणजे अभ्यासच केला नव्हता. अक्षतला मोठ्या संघातून खाली पाठवलं की बातमीत "ऑप्शन्ड" असं यायचं, आणि आम्ही नागपूरला कळवायचो, त्याला ऑप्शनला टाकला. अगदी बरोबर बसायचं. आता ऑप्शनच संपले म्हणजे काय, ते कोणाला विचारायची गरज वाटली नाही.

"नाइलाज आहे, असं लिहिलंय," राजीव म्हणाला.

मी ते फक्त नीलांबरीला सांगितलं. नीलांबरी आमच्या मंडळाची सेक्रेटरी. त्यामुळे जानेवारीत तिच्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही गेलो तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. अक्षत तेव्हा घरी आलेला होता, त्यालाही नेलं. लोक तिळगूळ हातावर ठेवून "गोड बोला" म्हणायच्या ऐवजी "होतं असं" म्हणत होते. एका बाईंनी मला मिठी मारली. मला त्यांचं नाव माहीत नाही.

पुरुषमंडळी खाली बेसमेंटमध्ये होती. मी तिळगुळाचं ताट घेऊन उतरले तेव्हा गुरुनाथकाकांनी अक्षतला शेजारी बसवून घेतलं होतं. काकांची स्वतःची कन्सल्टिंग कंपनी आहे, मिशिगनमधली निम्मी मराठी मुलं कधी ना कधी त्यांच्या बेंचवर, म्हणजे पुढच्या कामाची वाट बघत, बसलेली आहेत.

"आय हर्ड," काका म्हणाले. "झालं ते झालं. किती ऑप्शन होते तुझे?"

"थ्री, काका."

"तिन्ही गेले?"

"हो. लास्ट इयरला तिसरा गेला."

"एक्स्पायर झाले, की तू एक्सरसाइज केले?"

"मी नाही. टीमनं वापरले."

काकांनी प्लेट खाली ठेवली. "तुझे स्टॉक ऑप्शन टीमनं वापरले? आणि तू गप्प बसलास? राजीव, वकिलाला दाखवलंत का?"

राजीव म्हणाला, "आम्हाला आधी कळलंच नाही, काका."

अक्षत आळीपाळीनं दोघांच्या तोंडाकडे बघत होता. तो कधी मोठ्यानं हसत नाही. लहानपणापासून मुखवट्याआड राहिल्यामुळे असेल. "काका, वेट," तो म्हणाला. "स्टॉक नाही. ऑप्शन म्हणजे मला खाली पाठवायची परमिशन. टीमला थ्री इयर्स मिळते. ती संपली."

"म्हणजे आता खाली पाठवता येत नाही?"

"नाही. ठेवायचं, नाहीतर बाकीच्या सगळ्या टीम्सना विचारायचं, हा कोणाला हवाय का. कोणी हात वर केला तर मी तिकडे जातो."

"आणि कोणीच नाही केला तर?"

"मग परत खाली, परत बसचा प्रवास."

काकांनी विचार केला. "मग हे चांगलंय की वाईट?"

"हो," अक्षत म्हणाला.

राजीवनं लाडू खाल्ला. वरती एवढ्या बायकांनी माझं सांत्वन केलं होतं ते परत कसं करायचं, हे मला सुचेना.

काका मात्र बोललेला शब्द मागे घेणारे नाहीत. ते म्हणाले, "ते काही असो. माझ्याकडे सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये एक जागा आहे. एप्रिलपासून. तू मेथॉडिकल आहेस, चुका पकडशील. ट्रेनिंग आम्ही देतो."

असल्या गोष्टींना अक्षत आजवर "थँक यू काका" म्हणून विषय बदलत आला होता. या वेळी तो म्हणाला, "एप्रिल फर्स्टपासून? ओके. मार्च एंडला कोणी मला घेतलं नाही, तर आय विल जॉइन."

"नक्की?"

"नक्की."

काकांनी त्याचा हात हातात घेतला आणि वाकडी बोटं बघून जरा अलगद हलवला.

परतताना गाडीत मी विचारलं, "खरंच म्हणालास ते? की काकांना बरं वाटावं म्हणून?"

"खरंच. आय ॲम ट्वेंटी-एट, आई. अजून एक वर्ष बस नको. या वेळी नाही झालं तर मी थांबणार."

किती वर्षं मला हेच ऐकायचं होतं. आता ऐकलं, तर मी हीटर वाढवला.

फेब्रुवारीत तो सराव शिबिरासाठी ॲरिझोनाला गेला. भाकितं रोज बदलायला लागली. कधी दुसऱ्या जागेपुढे वैशंपायन, कधी तो छत्तीस वर्षांचा. नीलांबरी प्रत्येक भाकीत मला व्हॉट्सॲपवर पाठवायची, खाली हात जोडलेले. वाईट असलं तरी हात जोडलेले.

अक्षतचे फोन यायचे ते त्या माणसाविषयीच. "ही इज रिअली गुड, आई." या संघात तो नवा, त्यामुळे कुठल्या गोलंदाजाला काय आवडतं, कोण कधी घाबरतो, हे त्याला माहीत नव्हतं. अक्षत रोज सकाळी नाश्त्याला बसून त्याला ते सांगत होता.

"तू का सांगतोस?" मी म्हणाले.

"त्यानं विचारलं."

"विचारलं तरी. थोडं कमी सांग."

"मग बॉल त्याला लागेल, आई."

त्या माणसालाही कोणीतरी घरी असेलच.

मार्च संपता संपता अक्षतचा मेसेज आला, "नॉट मी." बाकी काही नाही. संघानं दुसरी जागा त्या अनुभवी माणसाला दिली. अक्षतचं नाव बाकीच्या संघांपुढे ठेवलं गेलं. आता कोणी हात वर करतं का याची वाट बघायची. तो सामान बांधून ॲरिझोनातल्या मोटेलच्या खोलीत बसून होता. मी फोन करून विचारलं, काय करतोयस? म्हणाला, "बसलोय." मी कसा ते विचारलं नाही.

या काळात गुरुनाथकाकांचा त्याला मेसेज गेला, लॅपटॉप कुठल्या पत्त्यावर पाठवू आणि मॅक हवा की विंडोज? काकांचा काही दोष नाही, त्यांच्याकडे एक तारखेला माणूस रुजू व्हायचा होता. अक्षतनं आमचा पत्ता दिला आणि लिहिलं, विंडोज. राजीवनं मला ते दाखवलं. नंतर तो वर गेला आणि अक्षतच्या खोलीतलं टेबल पुसून आला. टेबल स्वच्छच होतं. मग खुर्ची गुडघ्याला त्रास देईल म्हणून दुसरी आणायला दुकानात गेला.

तो दुकानात असतानाच दुसऱ्या एका संघाच्या कॅचरचं सरावात बोट मोडलं. मी त्या मुलाच्या आईचा विचार केला, पण नंतर.

त्या संघानं हात वर केला. आणि अक्षतला आता खाली पाठवता येत नसल्यामुळे त्यांना त्याला थेट वरच्या सव्वीस जणांतच घ्यावं लागलं. तो फोनवर हे सांगत होता आणि मागे गाडीचा दरवाजा वाजत होता. "उद्या टीमबरोबर जायचंय. मला गेममध्ये घेतील की नाही माहीत नाही. बट आय ॲम ऑन द टीम, आई. फॉर रिअल."

"कुठे बसायचं असतं तुम्ही?" मी विचारलं. हा काही विचारायचा प्रश्न नव्हता.

"आई, आर यू क्राइंग?"

"नाही. बाबा खुर्ची आणायला गेलेत."

त्यानं काकांना मेसेज केला नाही, फोन केला. शब्द दिला होता म्हणून. काकांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "हे बघ, तू अजून जॉइन झालेला नाहीस, त्यामुळे नोटीस पिरियडचा प्रश्न येत नाही. लॅपटॉप तेवढा आईला परत पाठवायला सांग." आणि शेवटी, "तिकडे इन्शुरन्स पहिल्या दिवसापासून देतात का, विचारून घे. बोटांचं बघ."

तो परवा तिकडे पोचला. शर्ट मिळाला. आडनाव मावलं नव्हतं, शेवटची दोन अक्षरं बाहीच्या खाली गेली होती, पण त्यानं फोटो पाठवला आणि फोटोत तो हसत होता. नीलांबरीनं हात जोडले. राजीव नवीन खुर्चीत झोपून गेला आहे, तिचं बिल अजून त्याच्या खिशात असेल.

मी आत्ता नव्या संघाविषयी काय लिहून येतंय ते बघत बसले होते. संघ बरा आहे. गोलंदाज तरुण आहेत, घाबरणारे असतील. भाकीत करणाऱ्यानं दुसऱ्या कॅचरच्या जागेपुढे वैशंपायन असं पूर्ण आणि बरोबर लिहिलंय. त्याच्या खाली लहान अक्षरात आहे की बोट मोडलेला कॅचर मेच्या मध्याला परत येईल. राजीवला ते सकाळी चहाच्या वेळी दिसेलच. तोपर्यंत त्याला झोपू दे.