सेमोईचा दत्तक मुलगा

तालापूसा नदीच्या काठी सेमोईनं जन्मभर मका पेरला, त्याची सोफ्की नावाची पेज रांधली आणि लोकांची भांडणं मिटवली. अमेरिकेतल्या क्रीक आदिवासींतल्या वारा कुळाची ती थोरली बाई. हाती लागलेल्या माणसाला मारायचं की दत्तक घ्यायचं, हे तिच्या शब्दावर ठरे. पण जॉर्जियाच्या प्रॉक्टर नावाच्या गोऱ्यानं एक घोडा चोरण्यापायी तिच्या एकुलत्या एका लेकाला गोळी घातली, आणि भांडणं मिटवण्याचा तिला वीट आला. तिला प्रॉक्टरचा जीव हवा होता.

त्या उन्हाळ्यात हाच निर्लज्ज माणूस अमेरिकेच्या वकिलाचा वाटाड्या होऊन तहाच्या बोलण्यांना आला. उतरलाही शांततेच्या गावात, जिथं कुणाचंच रक्त सांडायला बंदी. बोलणी फिसकटली की क्रीकांना बंदुका वाटायच्या, म्हणून पेन्साकोलाचा स्पॅनिश कप्तानही टपून बसला होता.

वकिलानं सेमोईपुढं लाल कापडाचा गठ्ठा ठेवला. "बाई, हे घ्या आणि रक्त झाकलं म्हणा."

"कापड तुमचं तुम्हालाच. माझा लेक गेला, त्याच्या जागी हा द्या."

वकिलाचा चेहरा खुलला. तह वाचला, आणि कप्तानाच्या तोंडाला पानं पुसली गेली! तो प्रॉक्टरच्या कानाशी लागला, "हो म्हण. थंडीच्या आत सोडवून नेतो."

सेमोईनं प्रॉक्टरला नदीत न्हाऊ घातलं, पेज पाजली, लेकाचं नाव दिलं. वकील गेल्यावर ती त्याला घेऊन नदीपलीकडं आपल्या घरी आली. दारात तिचा भाऊ चोफी बसला होता.

"अक्का, हा कोण गं?"

"तुझा भाचा. घोडे चोरतो, माणसं मारतो. आपल्यात भाच्याला वळण कोण लावतं?"

"मामाच की," म्हणत चोफीनं कुऱ्हाड उचलली.

बातमी कळताच वकील तणतणत परत आला. "आमच्या माणसाच्या खुनाची भरपाई द्या, नाहीतर तह मोडला!"

चौकातल्या म्हाताऱ्यांतला एक म्हणाला, "आमच्यात खुनाचा जाब मेलेल्याची आई मागते. तिलाच विचारा."

सेमोई मका कांडत होती. तिनं मुसळसुद्धा थांबवलं नाही.

"त्याची आई मीच," ती म्हणाली. "मला काही मागायचं नाही."