घडीवरचा अंगठा

आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. लिहिण्याचा मला सराव नाही, चुकलं तर सांभाळून घ्यावं.

मागच्या महिन्यात बालाघाटला आमच्या मानसशास्त्राच्या वर्गात एक प्रयोग होता. दिवा लागताच घडीची, म्हणजे वेळ मोजायच्या घड्याळाची, कळ दाबायची. एकटा असताना मी चटकन दाबत होतो, पण मुलं भोवती जमली की उशीर होई. कळीचा तो टक्क आवाज ऐकला आणि कटंगीजवळचा आमच्या गावचा शंकरपट आठवला.

पटात बैलजोड्या एकेक करून पळतात आणि घडीत सर्वांत कमी वेळ भरेल ती जोडी जिंकते. मी तेव्हा मॅट्रिकला होतो. "पोरगं शिकलेलं हाय, घडी त्याच्याच हाती द्या," शेजारचे डोमाकाका म्हणाले.

"हौ, पन पोराले जमन का," कोणीतरी हसलं.

काकांच्या म्हाताऱ्या जोडीचा तो शेवटचा पट होता. घामाने घडी हातातून निसटत होती. धूळ उडवत त्यांच्या बैलांनी शेवटची रेघ ओलांडली आणि एवढ्या लोकांपुढे माझा अंगठा क्षणभर अडला. काका तेवढ्याच फरकाने हरले. मी कोणाला काही बोललो नाही, पुन्हा पटावर गेलोही नाही.

प्रयोगानंतर मी काकांना पत्रात सगळं कबूल केलं. त्यांनी कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं उत्तर काल आलं. "तुहा अंगठा अडला ते मले तवाच दिसलं होतं. पुढच्या सालीबी घडी तुह्याच हाती द्या म्हणलतो मी. तूच आला नाही."