सासऱ्यांची बेल
सिरक्याचा वास आला की अंकुशनगरच्या क्वार्टरमधली एक दुपार आठवते. लकव्यानं अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांच्या हाताशी मला बोलवायची बेल असायची. त्या दुपारी ती वाजली नाही, म्हणून कित्येक महिन्यांनी मी गाढ झोपले. उठून गेले, तर ते ओल्या चादरीवर बटण दाबत होते. “कवाचा दाबून राह्यलो पोरी, कुणी येतच न्हाई.” चादर बदलून मी बेल उघडली. सेल पाझरून स्प्रिंगवर पांढरा थर चढला होता. सिरक्यात भिजवलेल्या कापसानं तो पुसताना वाटलं, राहू द्यावी अशीच. तरी नवे सेल घातले. हात धुतले न धुतले तोच बेल वाजली. “काही नको, वाजते का बघून राह्यलो,” सासरे म्हणाले. संध्याकाळपर्यंत तेच चाललं. तेव्हा मला रडू आलं होतं. आता मी काठी घेऊन चालते आणि सुनेला उगाच हाका मारते.