जालुंगची तासाला आठ वळणं

महाकम नदीच्या वरच्या अंगाला अंतर वळणांत मोजतात, आणि वळणांचा हिशेब जालुंगइतका कुणाला येत नाही, असं जालुंगचंच म्हणणं. कुणी विचारायची खोटी, तो ऐटीत सांगे, "माझी होडी प्रवाहाविरुद्ध तासाला चार वळणं जाते, प्रवाहाबरोबर बारा. म्हणजे सरासरी आठ." माणूस सरळ होता हो, पण एकदा तोंडातून आकडा निघाला की देवाचंही ऐकायचा नाही.

लेक बुलान खालच्या अंगाच्या समारिंडा शहरात नर्सिंग शिकायला निघाली, त्या दिवशी याच आठाने घात केला. परवापर्यंत ती तिथे हजर झाली नाही तर जागा दुसरीला जाणार होती, आणि तिकडे नेणारी मोठी बोट आठवड्यातून एकदाच, त्याच दुपारी एकला सुटायची होती. आई मात्र कापणीसाठी डोंगरातल्या शेतावर. शेत दरवर्षी नव्या जागी करायचं. यंदाचं जालुंगने अजून पाहिलंही नव्हतं. बायकोला तिच्या भावाने नेऊन सोडलं होतं आणि सांगितलं होतं, चोवीस वळणं वर.

"आईला भेटल्याशिवाय मी नाही जायची," बुलान म्हणाली.

"अगं, जाऊन-येऊन अठ्ठेचाळीस वळणं. तासाला आठ. सहाला निघतो, बाराला आईसकट हजर. तू निवांत बस."

इंजिन खणखणीत, पाणी बेताचं, वाटेत सिगारेटलाही तो थांबला नाही. तरी शेतापाशी होडी लागली तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. घड्याळात बारा. या वेळी तर तो परत गावात असायला हवा होता. त्याने घड्याळ कानाशी धरलं. चालू होतं.

त्याची बायको उसुन भाताच्या टोपलीसकट धावत आली. सगळं ऐकून म्हणाली, "अहो, मग आता कसं पोचणार?"

"चल, बस. उतारावर भरून काढू."

"काय डोंबल भरून काढणार? बारा इथेच वाजले की."

"पण चार आणि बारा, मधोमध आठच ना?"

"चारने सहा तास घासलेत तुम्ही. बाराने दोनच तास जायचंय. मग दोघांचा वाटा सारखा कसा?"

जालुंगच्या डोक्याचा पार भुगा झाला. उतारभर तो एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्या हाताची बोटं मोजत होता. चार खरे होते, बाराही खरे होते. मग खोटं काय, तेच त्याला कळेना.

दोनला ते गावच्या धक्क्याला लागले. बोट नव्हती. बुलान आपल्या ट्रंकेवर बसली होती.

"तू का नाही चढलीस?" त्याने विचारलं.

"कशी चढू? नदीच्या बाबतीत तुमचं कधी चुकत नाही, बाबा. बोट सुटली तेव्हासुद्धा वाटलं, आता याल."

उसुनने लेकीला पोटाशी धरलं. जालुंग गुडघाभर पाण्यात तसाच उभा राहिला. होडी बांधायचंही त्याला सुचलं नाही.