न लागलेली सलाईन

जिभेच्या कर्करोगाचं ऑपरेशन आणि रेडिएशन होऊन दीड वर्षही झालं नव्हतं, तोच मानेत पुन्हा गाठ आली. तेव्हा शिरवण्याच्या आमच्या गावदेवीसमोर मी हात जोडायला नव्हे, जाब विचारायला गेलो होतो. पण अर्धी जीभ गेलेल्या माणसाने जाब तरी कसा विचारायचा? तसाच परत आलो.

डॉक्टरांनी इम्युनोथेरपी सुचवली. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध द्यायचं, म्हणजे शरीराची स्वतःची शक्तीच गाठीशी लढेल. तीन सलाईन झाल्या. शक्ती जागी झाली की नाही ठाऊक नाही, मी मात्र पार थकून गेलो. चौथीच्या चार दिवस आधी जुलाब सुरू झाले. बायकोला मी आकडा कमी करून सांगितला. कळलं तर सलाईन पुढे ढकलतील आणि तेवढ्यात गाठ वाढेल, ही एकच भीती मनात होती. घरातून निघताना देवीला म्हटलं, आजची सलाईन तेवढी लागू दे, दुसरं काही मागत नाही.

हॉस्पिटलात शेजारच्या खुर्चीवर उरणकडचे एक मुस्लिम गृहस्थ सलाईन घेत होते. त्यांची बायको उशाशी बसली होती. नंबर येईपर्यंत मी तीनदा संडासला जाऊन आलो, ते तिने पाहिलं.

"वहिनी, भावांचं पोट बिघडलंय का?" तिने माझ्या बायकोला विचारलं.

"जरासा. दोन दिस पेजेवर हायेत, होल बरा."

"हे साधं पोट नाय, वहिनी. आमच्या ह्यांना हेच औषध, असंच झालेलं. आम्ही अंगावर काढलं, मग पंधरा दिवस आडवे होते." मग ती माझ्याकडे वळली. "भाऊ, खरं सांगा, दिवसाला किती वेळा?"

खोटं बोलायचीही ताकद उरली नव्हती. मी दोन्ही हातांची बोटं वर केली. बायको माझ्याकडे बघतच राहिली. त्या बाईने स्वतः उठून नर्सला बोलावलं.

सलाईन रद्द झाली. मला भयंकर राग आला, त्या बाईचा आणि देवीचाही. एकच गोष्ट मागितली होती, तीही देवीने दिली नाही. संध्याकाळी डॉक्टरांनी समजावलं, की औषधाने जागी झालेली शक्ती माझ्याच आतड्यांवर उलटली होती. "आज औषध दिलं असतं तर जिवावर बेतलं असतं," ते म्हणाले. अकरा दिवस स्टिरॉइडवर पडून होतो. त्या दिवसांत राग हळूहळू ओसरला आणि एक गोष्ट मनात बसली. काय मागावं, एवढंही आपल्याला कळत नसतं.

ते औषध पुन्हा सुरू केलेलं नाही. परवाच्या स्कॅनमध्ये गाठ आहे तेवढीच आहे. पुढचं डॉक्टरही सांगत नाहीत, आणि मीही आता विचारत नाही. तपासणीला गेलो की आम्ही त्या जोडप्याला शोधतो, पण त्यांचा वार बदललाय म्हणे.

बायको हल्ली देव्हाऱ्यात दोन दिवे लावते, दुसरा त्या बाईच्या नवऱ्यासाठी. पहिल्या दिवशी ती काडी पेटवून थबकली होती.

"आपल्याला त्यांचं नावपन ठाव नाय. कुनाच्या नावानं लावू?"

मी सावकाश, एकेक अक्षर जुळवत म्हणालो, "लाव. देवीला ठाऊक आहे."