चिठ्ठी न घेणारे पंपमामा

पंपमामांना चिठ्ठी दिलेली चालत नसे. घाटंजीच्या आठवडी बाजाराला ते निघाले की आमच्या गावातल्या सात-आठ घरच्या बायका त्यांना वाटेत थांबवून आपापले सामान सांगत. कुणाचा गूळ, कुणाच्या सुनेच्या बांगड्यांचे माप. मामा मान हलवत ऐकत, आणि संध्याकाळी प्रत्येकीच्या दारात तिचेच सामान उतरे. मी कागद पुढे केला की म्हणत, "चिठ्ठी विसरणाऱ्याले लागते, बाई. मले कायले?"

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. तरी वाचनालयातून माझी पुस्तके तेच बदलून आणत. पुस्तकाचे लांबलचक नाव लेखकासकट तोंडपाठ करून जात. मी आज शाळेत मराठी शिकवते, ते पुष्कळसे त्या पिशवीतून आलेल्या पुस्तकांमुळे.

हंगामात ते गावभर कपाशीवर फवारणी करत. पाठीवर सदा पंप, म्हणून पंपमामा. तोटी तुंबली की ती तोंडात धरून जोरात फुंकत, थुंकत आणि पुढे चालू लागत. मी एकदा म्हणाले, "मामा, विष आहे ते." तर हसले. "अळीले विष हाये ते. मी काय अळी हाये?" आमच्या शेतातही हेच चाले. बाबा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे असत. हातमोजे आणावेत असे आमच्यापैकी कुणालाच सुचले नाही.

एका वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली. फवारा पानांवरून त्यांच्याच तोंडावर येई. फवारणीच्या तिसऱ्या दिवशी त्यांना आमच्या शेतातून उचलून यवतमाळच्या दवाखान्यात न्यावे लागले. पंधरा दिवसांनी ते आपल्या पायांनी घरी आले. मामा वाचले, एवढेच आम्ही पाहिले.

पुढच्या बाजाराला एकीचा गूळ दुसरीकडे गेला. बायका हसल्या. "मामाचं ध्यान कुठी राह्यते आजकाल?" मामाही हसले. पण तसे वरचेवर होऊ लागले. त्यांचे वय तेव्हा पंचेचाळीसही नव्हते. डॉक्टरांनी मामींना सांगितले, औषधाचा डोक्यावरचा परिणाम कदाचित कायम राहील; पुन्हा फवारणीला पाठवू नका. मामांनी ऐकले नाही.

दुसऱ्या हंगामात ते परत आमच्या शेतात आले, आणि बाबांनी येऊ दिले. मी सुट्टीत घरी होते. दुपारी पाहते तर मामा कपाशीच्या मधोमध थांबलेले. कोणत्या ओळीवर औषध मारून झाले, तेच त्यांना आठवत नव्हते. उघड्या तळव्याने ते एकेक झाड चाचपत होते. ओले लागले म्हणजे झाले.

"काहून असं करता, मामा?"

"हाताले समजते, बाई. डोक्याले इचारून फायदा नाही आता."

मी बाबांना हाक मारली. बाबांनी त्यांच्या पाठीवरचा पंप उतरवला. हात धुवायला पाणी मी ओतले. ते काम त्या दिवशी सुटले. बाजार तेवढा उरला.

मामा गेल्या महिन्यात वारले. तेव्हापासून मला पंप उतरवला त्या आठवड्यातली एक संध्याकाळ आठवत राहते. उद्या बाजार होता. मामा आमच्या ओसरीवर येऊन बसले. "पाच चिजा सांग. बरोबर म्हनलो तर जातो."

मी सांगितल्या: सुई, हळद, मेणबत्ती, कंगवा, चहापत्ती.

त्यांनी डोळे मिटले. हळद म्हणाले. सुई म्हणाले. बऱ्याच वेळाने साबण म्हणाले, आणि थांबले.

"बरोबर, मामा," मी म्हणाले.

"पाचही झाल्या?"

"झाल्या."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग उठले, खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला.

"तू कधी खोटं बोलत नव्हती, बाई," ते म्हणाले. "म्हणजे लयच बिघडलं हाये."

दुसऱ्या दिवशी बाजार करायला मामी गेल्या.