धरण्याची फर्स्ट शिफ्ट

माणसाला सकाळी अंथरुणातून उठवतो तो राग, असं मी एका पत्रकात लिहिलं होतं. असली वाक्यं जाड ठशात छापायला मला फार आवडायचं. अजूनही आवडतं, खोटं कशाला बोलू. पत्रक पाण्याचं होतं. जबलपूरच्या टोकाला दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगारांची एक कॉलनी आहे. घरं विकताना बिल्डरनं चोवीस तास पाणी कबूल केलं आणि नंतर दिवसाआड अर्धा तास नळाला धार सोडली. ज्यांनी तीस-तीस वर्षं देशासाठी दारूगोळा भरला, त्यांनी म्हातारपणी बादल्या घेऊन रांगेत उभं राहायचं? हे मी छापलं आणि शहरातल्या मदन महल भागातून ऑटोनं जाऊन घरोघर वाटलं.

लोक पेटतील असं वाटलं होतं. लोकांनी पत्रक वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, ड्यूटी चार्ट कुठे आहे?

बिल्डरच्या ऑफिससमोर सगळ्यांनी मिळून बसायचं, घोषणा द्यायच्या, एवढंच माझ्या डोक्यात होतं. एका निवृत्त फिटर काकांनी दुसऱ्या दिवशी पट्टीनं रेघा मारलेलं रजिस्टरच आणलं. फर्स्ट शिफ्ट आठ ते बारा, सेकंड शिफ्ट बारा ते चार, एका शिफ्टला चार माणसं. पुढचा माणूस आल्याशिवाय सतरंजी सोडायची नाही. रजा पाहिजे तर अर्ज द्यायचा. एकानं कारण लिहिलं, जावई आले, मंजूर. दुसऱ्यानं प्रामाणिकपणे कंटाळा लिहिलं, नामंजूर. मी चिडले. म्हटलं, काका, हे आंदोलन आहे, कारखाना नाही. ते म्हणाले, "तू नारे लाव बेटा. आम्ही वेळेवर येतो."

फर्स्ट शिफ्टला एक काकू होत्या. त्यांचे यजमान जन्मभर सकाळच्या शिफ्टला, त्यामुळे काकू जन्मभर पाचला उठलेल्या, डबा भरून देण्यासाठी. ते गेले, मुलाचं लग्न झालं, स्वयंपाकघर सुनेकडे गेलं. मग दोन वर्षं त्या नऊ-नऊ वाजेपर्यंत पडून राहायच्या. तक्रार नव्हती, उठून करण्यासारखंच काही नव्हतं. चार्टवर नाव लागायची ही त्यांची पहिलीच वेळ. आता त्या पुन्हा पाचला उठत, कडक इस्त्रीची सुती साडी नेसत, स्वतःचा डबा भरत आणि आठला दहा मिनिटं असताना सतरंजीवर हजर होत. सून हिंदी घरची. ती शेजारणीला फोनवर म्हणाली, "मम्मीजी ड्यूटी पर गई हैं।" हे काकूंनी मला तीनदा सांगितलं.

मी त्यांना जागृत करायला गेले. विचारलं, काकू, बिल्डरचा राग येत नाही? त्या मेथी निवडत होत्या.

"राग तर येते, बाई. पण रागापायी कोणी पाचला उठून साडी नेसते काय?"

माझ्या पत्रकाच्या उरलेल्या साडेतीनशे प्रती तेव्हा पिशवीत होत्या.

पाचव्या आठवड्यात नळाला पाणी आलं. सकाळी आलं, संध्याकाळी आलं, तीन दिवस खंड पडला नाही. चौथ्या दिवशी ऑफिसचा मॅनेजर हसत बाहेर आला आणि म्हणाला, माताजी, पानी तो आ रहा है, अब आराम से घर जाइए। विजयाचं पत्रक मी आदल्या दिवशीच छापून आणलं होतं. ते वाटायला उठले तेव्हा काकूंनी माझा दुपट्टा धरला.

"म्हंजे उद्यापासून चार्टमध्ये माझं नाव नाही?"

म्हटलं, काकू, आपण जिंकलो.

"हो ना, चांगलं झालं." त्यांनी डबा न खाताच बंद केला. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "मंग उद्या काहून उठू?"

हातातल्या पत्रकावर जाड ठशात विजय होता. मी ते उलटं धरलं.

तेवढ्यात फिटर काकांनी विचारलं, लेखी दिलं काय? सतरंजीवरच्या सगळ्या माना हलल्या. तोंडी गोष्टीवर या माणसांनी कधी साधा नटसुद्धा फिरवला नव्हता. मॅनेजर आत गेला आणि दहा मिनिटांत लेटरहेडवर सहीनिशी पत्र घेऊन आला. माझ्या हातात दिलं. मी दोनदा वाचलं. पत्र चोख होतं. आता उभं राहून घोषणा द्यायची आणि सतरंजी गुंडाळायची, एवढंच उरलं होतं.

जावक क्रमांकाच्या ज्या एका वाक्यावरून मी आजवर कितीतरी सरकारी खिडक्यांवर भांडले, तेच वाक्य मी म्हटलं. "भैया, इस पर डिस्पैच नंबर नहीं है।"

तो म्हणाला, प्राइवेट ऑफिस है दीदी, हमारे यहाँ ऐसा रजिस्टर ही नहीं होता।

म्हटलं, तर मग आणा. आवाजात खरा संताप होता. त्याची मला सवय आहे. काकांनी पत्र उजेडात धरलं आणि शिक्काही नाही असं जाहीर केलं. मॅनेजरनं कपाळ पुसलं. सदर बाजारातून रजिस्टर मागवावं लागेल, शिक्का बनवून घ्यावा लागेल, सोमवारच्या आधी काही होणार नाही, असं म्हणत तो आत गेला.

काकूंनी डबा पुन्हा उघडला. काका रजिस्टरमध्ये पुढच्या तारखांच्या रेघा मारत होते. त्यांच्याकडे वाकून काकूंनी विचारलं, "सोमवारपर्यंत ओव्हरटाइम लागेल काय?"

पाहू, काका म्हणाले. मी विजयाची पत्रकं पिशवीत परत घातली.